सटवाईची लेखणी

बाळ जन्मल्यावर पांचव्या दिवशीं बाळंतिणीच्या खोलींत पाटावर पूजा मांडावयाची आणि पूजेशेजारीं एक कोरा कागद व लेखणी ठेवावयाची, अशी चाल आपल्याकडे पुष्कळ घरांतून होती. कांहीं घरांतून ती अजूनहि आहे. रात्रीं सारीं निजलीं म्हणजे सटवाई येते आणि बाळाच्या भाळीं त्याचें नशीब लिहून जाते, ही त्यामागची समजूत. सकाळीं उठून पाहावें तों कागद होता तसा कोरा! आमची आजी म्हणे, अक्षरें असतात, पण तीं दिसण्याचे डोळे आपणांस दिलेले नाहींत.

गेल्या दिवाळीच्या सुटींत ह्या कागदाची आम्हांस अकस्मात् आठवण झाली. आमची भाची व तिच्या तीन मैत्रिणी दिवाणखान्यांत सतरंजीवर गोल करून बसल्या होत्या. प्रत्येकीपुढें एक छापील कागद, हातांत शिसपेन्सिल, आणि मध्यें एका ताटलींत फांसे. कागदावर रकाने पुष्कळ होते, पण ते सारे रिकामे. काय चाललें आहे म्हणून विचारतां भाची मान वर न करतां म्हणाली, "मामा, आम्ही माणसें जन्माला घालतों आहोंत."

खेळ अमेरिकेंतला. नांव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. तो १९७४ सालीं प्रसिद्ध झाला, आणि पुढें ह्या जातीचे जे शेंकडों खेळ निघाले त्या सर्वांचा तो मूळपुरुष. ज्या वाचकांस तो ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. ह्यांत पट लागतोच असें नाहीं. एक गडी पंच होतो. तो एका अद्भुत जगाचें वर्णन करतो: येथें पडका किल्ला, त्याखालीं भुयार, भुयारांत कांहीं तरी हालतें आहे. बाकीच्यांनीं एकेका माणसाचें सोंग घ्यावयाचें आणि तें माणूस काय करील तें बोलून दाखवावयाचें. जेथें यश येईल कीं अपयश हें सांगतां येत नाहीं तेथें फांसा बोलतो. परंतु हें सर्व सुरू होण्यापूर्वीं तें माणूस तयार व्हावें लागतें. त्यास आपल्या भाषेंत 'पात्र' म्हणावें. नाटकामुळें तो शब्द रूढच आहे. शिवाय पात्र म्हणजे भांडेंहि, आणि पात्र म्हणजे योग्यहि. रिकाम्या भांड्यांत काय ओतावयाचें, तें कोणीं ओतावयाचें, आणि ओतल्यावर तें कशास योग्य ठरतें, हे तिन्ही प्रश्न त्या एका छापील कागदावर उभे असतात. ह्या खेळाच्या पन्नास वर्षांच्या इतिहासांत त्यांचीं उत्तरें कशीं बदलत गेलीं तें पाहिलें तर लेखणी एका हातांतून दुसऱ्या हातांत कशी गेली त्याचाच तो इतिहास आहे, असें आम्हांस वाटतें.

आरंभ मात्र आपल्या घरापासून होतो. हिंदुस्थानांतलें चतुरंग इराणांतून व अरबांच्या हातून युरोपांत पोंचलें आणि तेथें त्याचें आजचें बुद्धिबळ झालें. बुद्धिबळांत हत्ती, घोडे, प्यादीं आहेत, पण त्यांतील एकासहि जन्म नाहीं. आठहि प्यादीं सारखीं. त्यांतलें एखादें पलीकडे पोंचून वजीर झालें तरी पुढच्या डावांत तें पुन्हां प्यादेंच. १७८० सालीं ब्रन्सविक येथील हेलविग नांवाच्या गणिताच्या शिक्षकानें ह्याच बुद्धिबळाचा विस्तार करून १६१७ घरांच्या पटावर युद्धाचा खेळ रचिला. घरें वाढलीं, सैन्यें वाढलीं. माणूस मात्र त्यांत नव्हतें.

खरा पालट प्रशियांत झाला. तेथील रायसविट्झ नांवाच्या गृहस्थानें १८१२ मध्यें आपल्या राजापुढें एक युद्धाचा खेळ मांडला, आणि त्याच्या तोफखान्यांत अधिकारी असलेल्या मुलानें १८२४ मध्यें तो सुधारून त्याचे नियम छापले. मुलाच्या खेळांत पट जाऊन नकाशा आला. आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे दोन वस्तू आल्या: पंच आणि फांसा. बुद्धिबळांत घोड्यानें प्यादें मारलें म्हणजे मारलें. तेथें दैवास वाव नाहीं. परंतु रणांगणावर तसें होत नाहीं, हें त्या तरुण अधिकाऱ्यानें ओळखलें आणि गोळीबारानें किती माणसें पडलीं हें फांशावर सोपविलें. सेनापतींना खेळ आवडला, सैन्यांत त्याचा प्रसार झाला. १९१३ मध्यें एच्. जी. वेल्स ह्या कादंबरीकारानें मुलांच्या खेळण्यांतल्या शिपायांसाठीं सोपे नियम लिहिले आणि युद्धाचा खेळ सैन्याच्या कचेरींतून घरांतल्या जमिनीवर उतरला.

येथून पुढची हकीकत अमेरिकेंतल्या दोन गांवांची. मिनेसोटांत डेव्हिड वेस्ली नांवाच्या तरुणानें १९६९ मध्यें 'ब्राउनश्टाइन' ह्या काल्पनिक जर्मन गांवाची लढाई मित्रांसाठीं मांडली. नेपोलियनचा काळ; दोन फौजा गांवाकडे येत आहेत. गडी जास्त जमले म्हणून त्यानें त्यांस फौजांऐवजीं गांवांतलीं एकेक माणसें वांटून दिलीं. कोणी नगराध्यक्ष, कोणी आणखी कांहीं. झालें असें कीं, फौजा राहिल्या बाजूला आणि हीं माणसेंच एकमेकांशीं कारस्थानें करूं लागलीं, कोपऱ्यांत जाऊन कुजबुजूं लागलीं. लढाई झालीच नाहीं. वेस्लीस वाटलें, सारा बट्ट्याबोळ झाला. मित्र म्हणाले, असेंच पुन्हां करूं! त्या मित्रांपैकीं डेव्ह आर्नेसन ह्यानें पुढें स्वतःचा 'ब्लॅकमूर' नांवाचा मुलूख कल्पिला, आणि त्यांत एक साधी पण मोठी गोष्ट केली. आज जें पात्र जिवंत राहिलें तेंच पुढच्या बैठकीस पुन्हां येईल, आणि मागचा अनुभव त्याच्या गांठीं असेल. पलीकडे पोंचलेलें प्यादें आतां दुसऱ्या डावांतहि वजीरच राहूं लागलें.

दुसरें गांव विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा. तेथें गॅरी गायगॅक्स राहत असे. विमा कंपनींतली नोकरी गेल्यावर हा घरीं जोडे दुरुस्त करून प्रपंच चालवी व उरल्या वेळांत युद्धखेळांचे नियम लिही. १९७१ मध्यें जेफ पेरेन ह्याच्यासह त्यानें 'चेनमेल' नांवाचें मध्ययुगीन लढायांचें पुस्तक काढलें. त्याच्या शेवटीं मांत्रिक, राक्षस, उडते सर्प ह्यांचे नियम जोडले होते. १९७२ मध्यें आर्नेसननें त्यास ब्लॅकमूरचा खेळ प्रत्यक्ष दाखविला, आणि दोघांच्या खटपटींतून तीन लहान पुस्तिकांची एक पेटी निघाली. किंमत दहा डॉलर, पहिल्या प्रती एक हजार. पुढें पैसा दिसूं लागला तेव्हां ह्या अपत्याचा बाप कोण ह्यावरून दोघांचें फाटलें. आर्नेसननें १९७९ मध्यें फिर्याद केली, १९८१ मध्यें तडजोड झाली. गायगॅक्स २००८ सालीं वारला, आर्नेसन २००९ सालीं. हा वाद येथें वाढविण्याचें कारण नाहीं; आम्हांस हवी आहे ती पहिली पुस्तिका.

तींत पात्राचे सहा गुण सांगितले आहेत. बळ, बुद्धि, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि दुसऱ्यावर पडणारी छाप, ह्याच क्रमानें. बुद्धि आणि शहाणपण हे निराळे गुण मानले ही त्या जोडे शिवणाऱ्या गृहस्थाची सूक्ष्म नजर. आमच्या पाहण्यांतल्या कित्येक पदवीधरांस तो भेद आयुष्यभर उमगला नाहीं. प्रत्येक गुणासाठीं तीन फांसे एकदम टाकावयाचे, बेरीज मांडावयाची, पुढच्या गुणाकडे जावयाचें. फांसे कोणीं टाकावयाचे? नियम स्पष्ट आहे: पंचानें. खेळणाऱ्यानें नव्हे! आकडे मांडून झाले म्हणजे कागद खेळणाऱ्याच्या हातीं येई आणि मग त्यानें ठरवावयाचें कीं हा लढवय्या होईल, मांत्रिक होईल, कीं धर्मगुरु. आकड्यांत थोडी देवघेव करण्याची मुभा होती, पण ती थोडीच. सटवाईनें लिहून जावें, आणि आईबापांनीं दुसऱ्या दिवशीं ह्या मुलाचें काय करावें ह्याचा विचार करीत बसावें, त्यांतलाच प्रकार.

तीन फांशांच्या २१६ तऱ्हा होतात. त्यांत अठरा ही बेरीज एकदांच येते आणि तीन हीहि एकदांच. दहा किंवा अकरा येण्याच्या तऱ्हा मात्र ५४, म्हणजे बरोबर चौथाई. सारांश, ह्या रीतीनें जीं पात्रें जन्मत तीं बहुतेक तुमच्याआमच्यासारखींच. एका बाबतींत बरीं, एका बाबतींत पंगु, बाकी सामान्य. आणि त्यांचें आयुष्यहि बेताचें. नव्या मांत्रिकाचा जीव किती तें एका फांशानें ठरे, आणि तरवारीचा घाव किती लागला तेंहि एकाच फांशानें. हिशेब केला तर पहिल्याच घावांत मरण येण्याच्या तऱ्हा ३६ पैकीं २१. नवख्या लढवय्यास नियमांत पदवी मात्र 'व्हेटरन', म्हणजे मुरलेला शिपाई, अशी दिली होती. हा विनोद हेतुपूर्वक केला कीं नाहीं तें कळत नाहीं.

आपल्या कानांस ह्यांतलें एक खटकतें. फांसा म्हटला कीं आपणांस आठवतो तो शकुनि. युधिष्ठिराचें राज्य गेलें, भाऊ गेले, द्रौपदी पणास लागली तीं फांशानें; नळाचेंहि तेंच झालें. आपल्या वाङ्मयांतला फांसा हिरावून घेणारा आहे. येथें तो देणारा आहे. कांहीं नव्हतें तेथें तो एक माणूस उभें करतो. आणि तें माणूस खेळणाऱ्याच्या ओळखीचें नसतें. तुम्हांला पराक्रमी तिरंदाज व्हावयाचें होतें. हातीं आला तो अडखळून पडणारा, पण बोलका आणि काटक इसम. आतां त्याच्याशीं ओळख करून घ्या. पूर्वींच्या खेळणाऱ्यांनीं जी माया अशा पात्रांवर केली तिचें मूळ, आमच्या समजुतीप्रमाणें, ह्या अनोळखीपणांत आहे.

परंतु माणसाला मिळालेल्यावर समाधान नसतें. गायगॅक्सच्याच १९७९ च्या पंचांसाठींच्या ग्रंथांत पात्र तयार करण्याच्या नव्या रीति आल्या. त्यांतली पहिली अशी कीं, तीनांऐवजीं चार फांसे टाकावे, सर्वांत लहान आंकडा सोडून द्यावा आणि झालेल्या सहा बेरजा हव्या त्या गुणांस लावाव्या. सरासरी साडेदहावरून सव्वाबारांच्या जवळ गेली. आणि अठरा ही बेरीज, जी २१६ तऱ्हांत एक होती, ती सुमारें ६२ तऱ्हांत एक झाली. फांसा राहिला, पण त्याचे दांत पाडले. तिरंदाज व्हावयाचें असेल तर मोठा आंकडा चपळाईस लावला कीं झालें.

ह्याच सुमारास दुसरे लोक दुसऱ्या वाटांनीं गेले. त्यांतली एक आम्हांस फार आवडते. १९७७ सालीं मार्क मिलर ह्यानें 'ट्रॅव्हलर' नांवाचा आकाशप्रवासाचा खेळ काढला. त्यांत पात्र अठराव्या वर्षीं आरमारांत, पायदळांत, टेहळ्यांच्या पथकांत किंवा व्यापारी गलबतांवर नोकरी धरतें. दर चार वर्षांची एक मुदत; प्रत्येक मुदतींत तें कांहीं विद्या शिकतें, आणि प्रत्येक मुदतींत तें जगलें कीं नाहीं हें फांशानें ठरतें. टेहळ्यांत, काटकपणा विशेष नसेल तर, दोन फांशांची बेरीज सातांखालीं आली कीं मृत्यु. म्हणजे ३६ पैकीं १५ तऱ्हा मरणाच्या. पात्र खेळांत उतरण्यापूर्वींच, कागदावरच मरतें! पुष्कळांनीं ह्या नियमाची टवाळी केली. आम्हांस तो नियम शहाणपणाचा वाटतो. आणखी एक मुदत राहावें, आणखी एक विद्या पदरीं पाडावी, कीं आहे त्यांत समाधान मानून जीव घेऊन बाहेर पडावें, हा प्रश्न तेथें प्रत्येक चार वर्षांनीं खेळणाऱ्यास पडतो. दैव आणि पुरुषकार ह्यांची इतकी सरळ गांठ दुसऱ्या कोणत्याहि खेळांत आम्हांस दिसली नाहीं. शिवाय चौतिसावें वर्ष उलटलें कीं म्हातारपणाचे फांसे सुरू होतात, तें निराळेंच.

तिसरी वाट बाजाराची. १९७७ मध्येंच स्टीव्ह जॅक्सन ह्याच्या 'मेली' ह्या लहान खेळांत फांसा अजिबात बाजूस ठेवून खेळणाऱ्यास चोवीस गुणांचें भांडवल दिलें: आठाच्या खालीं न जातां बळ आणि चपळाई ह्यांत वांटून घ्या. १९८१ च्या 'चँपियन्स'मध्यें हें दुकान पुरतें थाटलें गेलें. शक्ति विकत घ्यावयाच्या, आणि भांडवल अपुरें पडलें तर अंगीं दोष लावून घ्यावयाचे. एखादा वैरी पाठीस लावून घेतला, एखादें दुबळें माणूस पदरीं बाळगलें, कीं त्याचे गुण जमेस. १९९१ च्या 'अँबर' खेळांत तर गुणांचा लिलांवच होतो, फांसे नाहींतच. आणि डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या आवृत्तींत फांशाची वाट ठेवली असली तरी शेजारीं तयार आंकडेहि दिले आहेत: १५, १४, १३, १२, १०, ८. हवे तेथें मांडा. लेखणी आतां पूर्णपणें खेळणाऱ्याच्या हातीं आहे.

ह्यांत न्याय आहे हें आम्हांस कबूल केलें पाहिजे. चौघे मित्र महिनेच्या महिने एकत्र खेळणार, त्यांत एकाच्या पानावर सारे अठरा आणि दुसऱ्याच्या पानावर सारे सात, हें सुखाचें नाहीं. तरीहि, निवडून घेतलेलें पात्र बहुधा आपल्या ओळखीचेंच निघतें. जो तो आपणांस हवा असलेला आपणच लिहितो. आम्ही जुन्या पिढीचे. आमचा कल फांशाकडे. निदान त्या दिवशीं दुपारपर्यंत होता.

हा इतिहास आम्हीं मुलींस थोडक्यांत सांगितला. ऐकून त्यांतली एक, चष्मा लावणारी, जरा अबोल मुलगी, म्हणाली, "काका, फांसा सगळ्यांना सारखा होता, पण पुस्तक सगळ्यांना सारखें नव्हतें." तिनें जें सांगितलें तें आम्हांस ठाऊक असून आम्ही सोयीस्करपणें वगळलें होतें. १९७४ च्या पुस्तिकेंत लढवय्याचें नांवच 'फायटिंग-मॅन' असें पुरुषवाचक होतें. १९७८ च्या खेळणाऱ्यांच्या ग्रंथांत तें नांव सुधारलें, पण तेथें बळाचें एक कोष्टक आलें. लढवय्याचें बळ अठरा आलें म्हणजे त्यापुढें शंभरांतला आणखी एक आंकडा काढावयाचा. पुरुष पात्रास तो शंभरापर्यंत जाई. स्त्रीपात्रास पन्नासाशीं थांबावें लागे. फांसा काहींहि बोलला तरी त्यापुढचें तिला लागू नाहीं. मनुष्येतर जातींच्या स्त्रियांसहि अशाच मर्यादा. भुयारांत उडते सर्प राहूं शकतात, मांत्रिक मुठींतून अग्नि फेंकूं शकतो. परंतु बाईचें बळ पन्नासाच्या पुढें गेलें तर तें असंभाव्य! १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तींत हें कोष्टक नाहींसें झालें. अकरा वर्षें तें छापील अक्षरांत होतें.

फांशास बाई कीं बुवा तें कळत नाहीं. कोष्टक करणारास कळतें. आम्ही ज्याला दैव म्हणून गोंजारीत होतों त्यांतलें किती फांशाचें आणि किती लेखणी धरणाराचें, हा विचार आम्हीं कधीं केला नव्हता. आणि पाचवीच्या त्या कागदाबद्दल तर मुळींच नव्हता. आमच्या आजीच्या भाळीं सातव्या वर्षीं शाळा सुटणें लिहिलेलें होतें, असें ती स्वतःच सांगे. तिच्या दोघां भावांच्या भाळीं तें नव्हतें. एकाच घरांत, एकाच पाटावर ठेवलेले ते कागद!

थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. मग भाची म्हणाली, "तरी मामा, मी जुन्या रीतीनेंच करणार. फांसे तुम्ही टाका. कोष्टक नको." पंच झालेल्या मुलीनें मान डोलावली. आम्हीं फांसे उचलले. पहिल्या पुस्तिकेचा क्रम आम्हांस पाठ होता. बळ सात. बुद्धि नऊ. शहाणपण पंधरा. काटकपणा बारा. चपळाई पांच. छाप तेरा. तिला तिरंदाज व्हावयाचें होतें हें आम्हांस ठाऊक होतें, चपळाईचा आंकडा पाहून आम्हीं हळूच म्हटलें, "हवा तर हा पुन्हां टाकतों." तिनें ताटली आपल्याकडे ओढून घेतली. "नाहीं. हिला धनुष्य येत नाहीं. पण शहाणी आहे, आणि लोक हिचें ऐकतात. हिचे हात का बरें असे झाले असतील?" मैत्रिणी पुढें सरकल्या. एकीनें म्हटलें, लहानपणीं थंडीनें बोटें गेलीं. दुसरी म्हणाली, नाहीं, ती मुळांतच सावकाश आहे, घाई तिला ठाऊकच नाहीं. अर्धा तास ह्यावर वाद चालला, आणि ती धर्मगुरु व्हावी असें ठरलें.

राहिलें तें नांव. आम्हीं एकदोन सुचविलीं. तीं एकमतानें नापसंत झालीं. भाचीनें हाताचा आडोसा करून वरच्या रकान्यांत कांहीं लिहिलें आणि पंचाकडे वळून म्हणाली, "हं, सांग आतां. आम्ही कोठें आहोंत?"